वाढलेले पाणी जाते कुठे?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तेथे तयार झालेल्या सुरुवातीच्या पोलो गाड्यांना आता पंधरा वर्षे होऊन गेली. अशा गाडीचे बॉनेट उघडले की चेंडूसारखी गोल, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी दिसते. ही कूलंटची टाकी. या वयाच्या कोणत्याही गाडीत तिला तडा जाऊ शकतो. बारीक तडा पाहून आपण म्हणतो, थोडे पाणी गळेल, वरून भरू. पण या तड्यातून पाण्याच्याही आधी दुसरेच काही निघून जाते. ते काय, हे कळण्यासाठी इंजिनातल्या पाण्याचा इतिहास पाहावा लागेल.

कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली ज्या गाडीचे पेटंट घेतले, तिच्या सिलिंडरभोवती पाणी होते. ते तापून त्याची वाफ होई आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाई. म्हणजे गाडी पेट्रोलबरोबर पाणीही ‘पीत’ असे. १८८८ साली बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला याच प्रकारच्या गाडीतून गेल्या. शंभरेक किलोमीटरच्या त्या प्रवासात त्यांना वारंवार पाणी भरावे लागले.

पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९००च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. आता तेच पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि पुन्हा इंजिनात फिरू लागले. मग ते संपायला नको होते. तरीही ते कमी होतच राहिले. का?

याचे उत्तर शाळेतल्या प्रसरणाच्या धड्यात आहे. २० अंश सेल्सिअसचे पाणी ९० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते. इंजिनात ६ लिटर पाणी असेल, तर सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी जास्तीचे होते. ते नळीवाटे रस्त्यावर सांडे. इंजिन निवले की त्याच्या जागी हवा शिरे. घाटात तर पाणी उकळूनच बाहेर पडे. खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर बॉनेट उघडून थांबलेल्या मोटारी आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे ड्रायव्हर आधीच्या पिढीने पाहिले आहेत.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, जास्तीचे पाणी सांडू न देता वेगळ्या भांड्यात जमा करायचे आणि इंजिन निवल्यावर परत घ्यायचे. १९६१च्या रेनो ४ या फ्रेंच गाडीत अशी बंद व्यवस्था होती. दुसरा उपाय प्रेशर कुकरचा. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर असल्याने तेथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. त्यावर वातावरणाइतका आणखी दाब दिला, तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंटमधील ग्लायकॉल हा बिंदू आणखी काही अंशांनी वर नेते, शिवाय त्यात मिसळलेली द्रव्ये गंज रोखतात. म्हणून बर्फ न पडणाऱ्या आपल्या भागातही कूलंट हवेच.

मारुती ८०० मध्ये दाब धरणारे झाकण रेडिएटरवर होते. बाजूच्या बाटलीत दाब नसे. तिला तडा गेला, तर फक्त पाणी जाई. पोलोसारख्या गाडीत मात्र हे झाकण टाकीवरच असते. टाकी ही कुकरचाच भाग होते. तिला तडा गेला की आधी जातो तो दाब.

दाब गेला की उत्कलनबिंदू खाली येतो. चढावर किंवा नाशिक फाट्याच्या कोंडीत इंजिन तापले, की आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. मग गॅस्केट जळते, सिलिंडर हेड वाकते. नळाचे पाणी भरत राहिल्याने कूलंटही पातळ होत जाते. इंजिनाच्या या खर्चापुढे नव्या टाकीची किंमत किरकोळ असते.

तडा चिकटवून भागत नाही. या टाक्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या असतात आणि त्यावर सहसा कोणतेच चिकटद्रव्य टिकून धरत नाही. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. एक तडा बुजवला तर शेजारी दुसरा जातो. टाकी झाकणासह बदलणेच योग्य. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरताच शंभर अंशांवरचे पाणी क्षणात उकळून अंगावर उडते. सांडलेले कूलंटही लगेच धुऊन काढावे. ते चवीला गोड पण विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात.

दाब आणि उकळणे यांचे नाते वर्गात सहज दाखवता येते. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये सुमारे ७० अंशांचे थोडे पाणी घ्या, हवा बाहेर काढा, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या ओढा. पाणी हात भाजण्याइतके गरम असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. शेगडी नसतानाही पाणी उकळू लागेल. तडा गेलेल्या टाकीमुळे इंजिनात जे घडते ते हेच.