चौतीस नंबरचे गणित

बाजारात मिळणारी ब्रा नीट बसत नाही आणि नीट बसणारी परवडत नाही, ही तक्रार घरोघर आहे. ती बायकाबायकांतच बोलली जाते आणि बहुधा 'माझाच बांधा वेगळा' या निष्कर्षावर येऊन थांबते. येथे मांडायचा पक्ष याच्या उलट आहे. दोष बांध्यात नाही, मापाच्या पद्धतीत आहे. आणि ही पद्धत अंगापेक्षा दुकानातल्या फळीची सोय अधिक पाहते.

१. मापाचे दोन घटक

ब्राच्या मापात एक आकडा असतो आणि एक अक्षर. आकडा छातीखालून, बरगड्यांवरून फिरणाऱ्या बँडचा, अक्षर कपचे. ही अक्षरे १९३०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली, तीही ए ते डी अशी चारच. छातीच्या घेरातून बँडचा आकडा वजा केला की अक्षर मिळते: फरक एक इंच तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. ब्रिटिश पद्धतीत त्यापुढे पाच इंचांना डीडी आणि सहा इंचांना ई येते.

म्हणजे अक्षराला एकट्याने काही अर्थ नाही. 'बी म्हणजे लहान, डी म्हणजे मोठी' ही समजूत चुकीची आहे. ३४बी, ३२सी आणि ३०डी या तिन्हींच्या कपांत मावणारे आकारमान जवळपास सारखेच असते. बदलतो तो बँडचा घेर. आणि भार तोलण्याचे मुख्य काम बँडचेच आहे. खांद्यावरच्या पट्ट्यांनी फक्त कप जागेवर धरायचा असतो. बँड सैल असला की तो पाठीवर वर चढतो, सगळे ओझे पट्ट्यांवर येते आणि खांद्यांवर वळ उठतात. त्यावर पट्टे आणखी आवळले, तर बँड आणखी वर जातो.

२. चार इंचांची भर

बँडचा आकडा काढताना छातीखालच्या घेरात चार इंच मिळवण्याची रीत आजही अनेक तक्त्यांत दिसते. तिचा परिणाम एका उदाहरणात पाहू. एखादीचा छातीखालचा घेर ३० इंच आणि छातीचा ३६ आहे. सरळ वजाबाकीने फरक सहा, म्हणजे माप ३०ई. चार इंच मिळवले तर बँड ३४, फरक दोन, माप ३४बी. एकाच बाईची ही दोन मापे आहेत, आणि दुसऱ्यात बँड चार इंच सैल तर कप दोन मापांनी लहान.

युरोपात हाच बँड सेंटिमीटरमध्ये सांगतात. तिथे ७५ लिहिलेली ब्रा इंचांत ३४ म्हणून विकली जाते. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. त्यात चार मिळवले की ३४च्या आसपास येतो. म्हणजे एका लेबलवर बरगड्यांचा खरा घेर आहे आणि दुसऱ्यावर भर घातलेला.

कापड ताणले जात नव्हते तेव्हा अशा मोकळिकीला काही अर्थ होता. आजच्या इलॅस्टिकमध्ये ती मोकळीक आधीच असते. तरीही रीत टिकली, कारण भर घातली की फरक घटतो आणि बहुतेक गिऱ्हाइके चार अक्षरांत बसतात.

३. फळीचे अर्थशास्त्र

२८ ते ४२ असे आठ बँड आणि ए ते ई असे सहा कप धरले, तरी ४८ मापे होतात. तीन रंग म्हटले तर एकाच नमुन्याचे १४४ नग. तालुक्याच्या गावातला दुकानदार यात पैसा अडकवणार नाही. तो ३० ते ३८ पर्यंतचे पाच बँड ठेवतो, कप बहुधा बी. स्वस्त मालाच्या खोक्यावर तर अक्षरच नसते, नुसता आकडा. कप गृहीत धरलेला असतो.

अशा दुकानात 'कप घट्ट होतो' म्हटले की उत्तर ठरलेले: "ताई, छत्तीस घेऊन जा, बरोबर होईल." कप अपुरा असल्याची तक्रार बँड वाढवून मिटवली जाते. थोडा मोठा कप मिळतो, पण पाठीचा आधार जातो. ट्रायलची सोय नाही, घेतलेला माल परत नाही. चूक कळते ती घरी गेल्यावर.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ३० तरुणींपैकी ८० टक्के जणींनी चुकीच्या मापाची ब्रा घातलेली आढळली: ७० टक्क्यांची लहान, १० टक्क्यांची मोठी. ३० जणींवरून जगाबद्दल विधान करता येणार नाही. पण चुकांची दिशा बोलकी आहे. चुका निव्वळ बायकांच्या अज्ञानामुळे होत असत्या, तर त्या दोन्ही बाजूंना सारख्या विखुरल्या असत्या. त्या एकाच बाजूला झुकतात, तेव्हा कारण पद्धतीत शोधावे लागते.

४. आकड्यांपलीकडचे अंग

माप बरोबर आले तरी प्रश्न संपत नाही. घेर सारखे असलेल्या दोघींत एकीचा भराव वर असतो, दुसरीचा खाली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या क्वचितच असतात. पाळीच्या आधी, गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर आकार बदलतो. पुढे गाठ मारायची चोळी हा बदल गाठीतच सामावून घेई, आणि ब्लाउज शिवताना टेलर आत कापड राखून ठेवतो. तयार ब्राच्या कपात अशी सोय नाही. हुकांच्या दोन-तीन ओळी फक्त बँडपुरत्या.

५. किंमत

कप, बगलेकडची पट्टी, हुकपट्टी, वायर, वायरची नळी, दोन-तीन रुंदीचे इलॅस्टिक, रिंगा, स्लायडर: इतके सुटे भाग हातभर कपड्यात जोडायचे असतात. कारखाने एका मधल्या मापाचा नमुना पक्का करून बाकीची मापे त्यावरून ठराविक अंतराने वाढवतात. मोठ्या कपांना हे चालत नाही. त्यांना रुंद पट्टी, मजबूत वायर आणि वेगळा नमुना लागतो. खप कमी, खर्च जास्त, म्हणून किंमत चढते.

मात्र खरी महागाई छापील किमतीत दिसत नाही. अडीचशे रुपयांच्या तीन ब्रा अंदाजाने घेतल्या आणि कपाटात पडल्या, की साडेसातशे गेले. दुकानदाराने न ठेवलेल्या मापांचा खर्च असा गिऱ्हाइकावर येतो.

६. उपाय

श्वास सोडून टेप छातीखाली घट्ट आणि सगळीकडून सपाट धरावी. येणारा घेर कशाचीही भर न घालता घ्यावा. छातीचा घेर किंचित पुढे वाकून मोजावा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैल पडणारच. हात वर केल्यावर पाठीचा पट्टा जागचा हलू नये. वायरची ब्रा असेल तर मधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. ३०ई मिळत नसेल तर ३४डी घेऊन बगलेकडची पट्टी टेलरकडून आत घ्यावी. खर्च थोडा येतो आणि कप बरोबर राहतो.

ही झाली प्रत्येकीने करायची डागडुजी. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या 'इंडियासाइज' प्रकल्पातून भारतीय अंगांची मोजमापे घेण्याचे काम झाले आहे. अशा मापांवरून कपांचे नमुने बेतणे हे लांब पल्ल्याचे काम. त्याआधी करता येण्याजोगी एक सुधारणा आहे: खोक्यावर बरगड्यांचा खरा घेर सेंटिमीटरमध्ये आणि कपचे अक्षर, दोन्ही छापणे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, शिलाईतला एक टाकाही बदलावा लागत नाही. ते होईपर्यंत चौतीस हा आकडा अंगाचे माप म्हणून नव्हे, खोक्याचा नंबर म्हणून वाचावा.