हेलकावे-नियंत्रक ट्रेलर जोडणी

हेलकावे-नियंत्रक ट्रेलर जोडणी म्हणजे मोटार किंवा पिकअप वाहनामागे ओढल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरचे (कॅराव्हॅनचे) डावीउजवीकडे होणारे झोके मर्यादित ठेवणारी यांत्रिक जोडणी होय. उत्तर अमेरिका व युरोपमध्ये सुटीतील प्रवासासाठी असे ट्रेलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. विशिष्ट वेगानंतर हे झोके आपोआप शमण्याऐवजी वाढत जातात आणि ट्रेलरसह ओढणारे वाहनही उलटू शकते. त्यामुळे जोडणीची निवड हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विषय मानला जातो.

हेलकाव्यांचे स्वरूप

वळण घेता यावे म्हणून ट्रेलर जोडबिंदूभोवती आडवा फिरू शकतो. वाऱ्याचा झोत, शेजारून जाणाऱ्या मालट्रकने ढकललेली हवा, रस्त्यातील खड्डा किंवा स्टिअरिंगचा अचानक हिसका यांमुळे तो मध्यरेषेपासून ढळतो. त्याचे टायर त्याला पुन्हा रेषेत ओढतात. परंतु जडत्वामुळे तो मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूस जातो आणि दोलन सुरू होते.

हे दोलन शमवणारा विरोधही मुख्यतः टायरांकडूनच मिळतो. ट्रेलर बाजूला सरकू लागला की टायरचे तोंड आणि त्याच्या प्रत्यक्ष गतीची दिशा यांत लहान कोन तयार होतो. कोन जितका मोठा, तितका विरोध अधिक. हा कोन बाजूच्या गतीचे पुढच्या वेगाशी असलेले गुणोत्तर दर्शवतो. म्हणून वाहनाचा वेग दुप्पट झाल्यास बाजूच्या तेवढ्याच गतीला मिळणारा विरोध सुमारे निम्मा होतो. ज्या वेगाला एकूण अवमंदन शून्यावर येते, त्यास क्रांतिक वेग म्हणतात. त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा होतो. यामुळेच सपाट रस्त्यावर स्थिर वाटणारा ट्रेलर उतारावर वेग वाढताच अनियंत्रित होऊ शकतो.

ओढणाऱ्या वाहनाची रचनाही यात भर घालते. जोडगोळा सहसा वाहनाच्या मागच्या आसाच्या बराच मागे असतो. ट्रेलरने त्याला बाजूला ढकलले की हे अंतर तरफेच्या भुजेसारखे काम करते: वाहनाचा मागचा भाग डावीकडे सरकतो व तोंड उजवीकडे वळते.

भाराची मांडणी

ट्रेलरचा गुरुत्वमध्य त्याच्या आसाच्या पुढे असणे ही स्थिरतेची पहिली अट आहे. तसे असल्यास ट्रेलरच्या वजनाचा काही भाग जोडगोळ्यावर येतो. त्यास येथे जोडभार म्हटले आहे. उत्तर अमेरिकेत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे सांगितले जाते. म्हणजे २,५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरसाठी तो २५० ते ३७५ किलोग्रॅम होतो. युरोपमध्ये कॅराव्हॅनसाठी सुमारे ५ ते ७ टक्के जोडभार प्रचलित आहे.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोठे ठेवले आहे यालाही आहे. जड सामान पुढच्या व मागच्या टोकांना विभागल्यास जोडभार योग्य राहूनही जडत्व आघूर्ण वाढते आणि सुरू झालेला झोका थांबवणे कठीण जाते. म्हणून जड वस्तू आसाजवळ व खालच्या बाजूस ठेवतात.

भार-विभाजक जोडणी

जोडभारामुळे वाहनाचा मागचा भाग दबतो व पुढचा उचलला जातो. समजा, दोन्ही आसांमधील अंतर ३.६ मीटर, जोडगोळा मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आणि जोडभार ३०० किलोग्रॅम आहे. तरफेच्या नियमानुसार पुढच्या आसावरील भार १०० किलोग्रॅमने कमी होतो, तर मागच्या आसावरील ४०० किलोग्रॅमने वाढतो. पुढच्या चाकांची पकड त्यामुळे घटते.

भार-विभाजक जोडणीत ट्रेलरच्या चौकटीला साखळी किंवा कंसाने ताणून बसवलेल्या दोन स्प्रिंग-दांड्या असतात. त्या उलट दिशेचे आघूर्ण निर्माण करून काही भार पुढच्या आसाकडे व काही ट्रेलरच्या आसांकडे परत पाठवतात. ही जोडणी वाहनाचा तोल सुधारते. तथापि, केवळ भार विभागल्याने हेलकावे नियंत्रित होतात असे नाही. त्यासाठी पुढील उपाय जोडले जातात.

नियंत्रणाचे प्रकार

घर्षण-दांडी: ट्रेलर आणि जोडणी यांच्यामध्ये सरकणारी दांडी घर्षण-पट्ट्यांत आवळलेली असते. ट्रेलर फिरू लागला की घर्षण त्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. लहान झोके सुरुवातीसच दाबण्यास ही उपयुक्त असते, मात्र मोठ्या झोक्यापुढे अपुरी पडते. निसरड्या रस्त्यावर ती वाहनाला सरळ होण्यास अडथळा करू शकते. काही प्रकारच्या दांड्या वाहन मागे घेण्यापूर्वी काढाव्या लागतात.

घर्षण-कपलर: युरोपमध्ये प्रचलित असलेल्या या प्रकारात कपलरमधील घर्षण-पट्ट्या जोडगोळ्यालाच घट्ट पकडतात. त्यासाठी ५० मिलिमीटरचा गोळा स्वच्छ, रंगविरहित व वंगणविरहित ठेवावा लागतो.

द्वि-कॅम जोडणी: स्प्रिंग-दांड्यांची मागची टोके कॅमवर टेकलेली असतात. सरळ जाताना कॅम खाचेत बसतो. रेषेतून ढळण्यासाठी दांडीला कॅमवर चढावे लागते. त्यामुळे ट्रेलर मध्यरेषेकडे परत खेचला जातो.

आभासी फिरणबिंदूची जोडणी: अमेरिकन संशोधक जिम हेन्स्ली यांनी विकसित केलेल्या या रचनेत पुढे एकमेकींकडे झुकणाऱ्या दुव्यांमुळे ट्रेलरचा परिणामी फिरणबिंदू वाहनाच्या मागच्या आसाच्या दिशेने पुढे सरकतो. ट्रेलरच्या बाजूच्या बलाला मिळणारी तरफेची भुजा आखूड होते. येथे झोका घर्षणाने शमवण्यापेक्षा त्याचे कारणच कमी केले जाते. ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलर स्वभावतः अधिक स्थिर असण्याचे कारणही हेच आहे. त्यांची जोडणी पिकअपच्या मागच्या आसाच्या जवळपास वर असते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण: ट्रेलरवरील किंवा वाहनातील संवेदक झोका ओळखून ब्रेक लावतात. वाहनाच्या स्थिरता-नियंत्रण प्रणालीत चाकांना वेगवेगळे ब्रेक लावून व इंजिनची शक्ती कमी करून झोका मोडला जातो. ही यंत्रणा झोका सुरू झाल्यानंतर काम करते.

कायदेशीर तरतुदी

जर्मनीत मोटार व ट्रेलरच्या जोडीस महामार्गावर सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ठरावीक अटी पूर्ण केल्यास १०० किलोमीटरची परवानगी मिळते. ब्रेक व शॉक-ॲब्सॉर्बर असलेल्या कॅराव्हॅनचे कमाल वजन त्यासाठी मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पट चालते. मान्यताप्राप्त स्थिरक बसवल्यास ही मर्यादा १.० पट होते. ब्रिटनमध्ये ट्रेलर ओढणाऱ्या मोटारींना मोटारवेवर ताशी ६० मैल (सुमारे ९७ किलोमीटर) मर्यादा आहे.

चालकाची कृती आणि मर्यादा

झोके सुरू झाल्यास ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा व स्टिअरिंग स्थिर धरावे. झोक्याच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवल्यास चालकाची प्रतिक्रिया उशिरा पोहोचते आणि झोका वाढतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्नही धोकादायक असतो. ट्रेलरच्या विद्युत ब्रेकसाठी स्वतंत्र हस्तनियंत्रण असल्यास केवळ तेच ब्रेक लावल्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन रेषेत येतो. नंतर थांबून भाराची मांडणी, टायरमधील हवा व जोडणी तपासावी.

कोणतीही जोडणी चुकीच्या भरणीची भरपाई करत नाही. मागे जड भरलेल्या ट्रेलरला घर्षण-नियंत्रक लावल्यास कमी वेगातील झोके दिसेनासे होतात, परंतु मूळ अस्थिरता कायम राहते आणि ती अधिक वेगात, कमी पूर्वसूचनेसह प्रकट होऊ शकते.

हे सुद्धा पहा

अवमंदन
जडत्व आघूर्ण
तरफ
घर्षण