'टाइम' शब्दाचे अर्थ आणि इंग्लंडातील कालमापन

इंग्रजीतील 'टाइम' या एकाच शब्दात वेळ, काळ, खेप, पट, मुदत, प्रसंग, युग, ताल अशा निरनिराळ्या अर्थांचा भरणा मराठी वाचकास आढळतो. कोशकार हे अर्थ क्रमांक घालून मांडतात. परंतु एक अर्थ दुसऱ्यातून कोणत्या परिस्थितीत निपजला, हे त्या क्रमांकांवरून उमगत नाही. या शब्दाचा इतिहास इंग्लंडातील कालमापनाच्या इतिहासाशी निगडित असून, १८५८ साली तर त्याचा अर्थ ठरविण्याचे काम प्रत्यक्ष न्यायालयावर येऊन पडले होते.

प्राचीन इंग्रजीत 'तीमा' आणि 'तीद' असे दोन सजातीय शब्द होते. दोहोंचे मूळ 'विभागणे' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूत शोधले जाते. संस्कृतातील वाटून देण्याच्या अर्थाचा 'दय्' धातू त्याच कुळातील मानतात. म्हणजे आरंभी या शब्दांत अखंड वाहणाऱ्या काळाची कल्पना नव्हती. कापून वेगळा केलेला, ठरलेला तुकडा एवढाच अर्थ होता. 'तीद'ने ऋतू, सण, प्रार्थनेची घटिका हे अर्थ वाहिले, 'तीमा'ने योग्य समय किंवा मुदत हा. पुढे या भावंडांची वाटणी प्रत्येक भाषेत निराळी झाली. जर्मनांनी 'त्साइट' आणि डचांनी 'तेइत' हे 'तीद'चे भाऊबंद काळवाचक म्हणून ठेवले. डॅनिश भाषेत 'तीमा'च्या वंशातील शब्दाला केवळ 'तास' हा संकुचित अर्थ उरला. इंग्रजीने 'टाइम'ला सारा काळ दिला आणि 'टाइड'ला समुद्राकडे धाडले.

समुद्राच्या भरतीओहोटीशी 'टाइड'चा संबंध मूळचा नव्हे. प्राचीन इंग्रजीत भरती व ओहोटी यांना स्वतंत्र शब्द होते. चौदाव्या शतकात भरतीच्या ठरलेल्या वेळेवरून ते नाव खुद्द भरतीला मिळाले. 'टाइम' आणि 'टाइड' कोणासाठी थांबत नाहीत, या प्रसिद्ध म्हणीत आजचा वाचक लाटा पाहतो. वस्तुतः तेथील 'टाइड' हा काळवाचकच असून, अनुप्रासासाठी जोडलेली ती समानार्थी शब्दांची जोडी आहे. संस्कृत 'वेला' शब्दात मर्यादा, समुद्राची भरती आणि काळ हे अर्थ एकत्र नांदतात व मराठी 'वेळ' त्यातूनच आली. या दोन शब्दांत रक्ताचे नाते काहीच नाही. तरीही समुद्रकाठच्या माणसाला ठरलेल्या वेळेची ओळख भरतीनेच पटावी, यात नवल नाही.

'खेप' हा अर्थ 'टाइम'ला उशिरा चिकटला. त्या कामी प्राचीन इंग्रजीत 'सीथ' हा शब्द असे आणि त्याचा मूळ अर्थ प्रवास किंवा फेरी असा होता. मराठी 'खेप' शब्दानेही नेमका हाच मार्ग चोखाळला आहे. 'सीथ' मागे पडल्यावर त्याची जागा 'टाइम'ने घेतली आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रसंगाच्या या कल्पनेतून गुणाकारातील 'टाइम्स' निघाले. फ्रेंच व जर्मन भाषा येथे आजही स्वतंत्र शब्द वापरतात.

खरा पालट घड्याळाने घडविला. मध्ययुगीन इंग्लंडात दिवस व रात्र यांचे प्रत्येकी बारा भाग करीत. साहजिकच उन्हाळ्यातील दिवसाचा तास हिवाळ्यातील तासाहून मोठा असे. मठांतील प्रार्थनांच्या घटिकाही याच हिशेबाने चालत. 'नून' हा शब्द लॅटिनमधील नवव्या तासाचा, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या अखेरीचा. तो हळूहळू माध्यान्हीवर सरकला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथीड्रलांतून यांत्रिक घड्याळे बसू लागली. चॉसरने १३९१च्या सुमारास वेधयंत्रावर जे प्रकरण रचले, त्यात असमान तास आणि घड्याळाचे समान तास असा भेद त्याला समजावून द्यावा लागला. आजही इंग्रज 'दहा वाजले' म्हणताना 'घड्याळाचे दहा' म्हणतो. ते सूर्याचे दहा नव्हेत, हा एके काळचा आवश्यक खुलासा त्या शब्दप्रयोगात गोठून राहिला आहे. काळ म्हणजे अनिश्चित, अखंड विस्तार, हा अमूर्त अर्थही चौदाव्या शतकाच्या अखेरीस नोंदला गेला आहे. हे दोन्ही एकाच पिढीत घडावे हा केवळ योगायोग असेल असे वाटत नाही. परंतु घड्याळानेच ही कल्पना जन्मास घातली, असे म्हणण्याइतका पुरावाही नाही.

ई. पी. टॉम्सन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कारखानदारीच्या शिस्तीने काळाला चलनाचे रूप दिले, असे प्रतिपादन केले. मजुरीच्या इतिहासापुरते ते समर्थनीय आहे. भाषेचा दाखला मात्र त्याला पुरती साथ देत नाही. काळ 'खर्चणे' हा प्रयोग मध्ययुगीन इंग्रजीत आढळतो आणि काळ 'उधळणे' शेक्सपिअरच्या नाटकांत आहे. कारखान्याचा भोंगा त्यानंतर दीड-दोन शतकांनी वाजला. कारखान्याने रूपक निर्माण केले नाही. असलेल्या रूपकाचा हिशेब मांडला.

१८४० साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या मार्गावर लंडनची वेळ लागू केली आणि १८४७ साली रेल्वे क्लिअरिंग हाउसने ग्रिनिचची वेळ सर्व कंपन्यांना सुचविली. तोवर प्रत्येक गावाची वेळ त्याच्या रेखांशाची असे. ब्रिस्टलच्या धान्यबाजारावरील घड्याळाला तर दोन मिनिटकाटे बसविण्यात आले. एक गावचा, एक लंडनचा. १८५८ साली डॉर्चेस्टर येथील न्यायालयात जमिनीचा एक दावा सकाळी दहाला निघावयाचा होता. न्यायाधीश ग्रिनिचप्रमाणे दहाला आसनस्थ झाले, प्रतिवादी हजर नव्हता, निकाल वादीच्या बाजूने दिला गेला. थोड्याच वेळात प्रतिवादी येऊन पोहोचला. गावच्या घड्याळात दहा वाजले नव्हते. डॉर्चेस्टर ग्रिनिचच्या पश्चिमेस असून तेथील सूर्य सुमारे पावणेदहा मिनिटे मागे असतो, आणि तेवढ्या मिनिटांवर त्या माणसाची जमीन जाऊ पाहत होती. एक्सचेकर न्यायालयाने त्याला फेरसुनावणी दिली. दहा म्हणजे त्या स्थळाचे दहा. नगरपरिषद किंवा गावावरून जाणारी रेल्वे कंपनी ते बदलू शकत नाही, असा निर्णयाचा आशय होता. विज्ञानाच्या व व्यापाराच्या ओघाविरुद्ध दिलेला हा निकाल कित्येकांना प्रतिगामी वाटतो. पण शब्दाचा लोकरूढ अर्थ बदलण्याचा अधिकार कायद्याखेरीज कोणासही नाही, हे त्यातील तत्त्व विचारार्ह आहे.

तो कायदा १८८० साली आला. अधिनियम, दस्तऐवज इत्यादींतील वेळेचा उल्लेख, अन्यथा सांगितले नसेल तर, ग्रेट ब्रिटनमध्ये ग्रिनिचचा आणि आयर्लंडात डब्लिनचा समजावा, असे त्याने ठरविले. एकाच पार्लमेंटच्या एकाच शब्दाला आयरिश समुद्र ओलांडताच सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडे आणि १९१६पर्यंत तो तसाच राहिला.

हिंदुस्थानातही हा वाद चुकला नाही. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत असे. १८८१ साली ती वेळ मुंबईवर लादण्याचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचा प्रयत्न लोकविरोधामुळे फसला. १९०६मध्ये प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ सोडली नाही. 'टाइम' हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात रुळला तो काळ या अर्थाने नव्हे. मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम यांतील भेद सांगण्यासाठीही तो जवळ करावा लागला. ही दुहेरी वेळ १९५५पर्यंत चालू होती.