खामगाव

बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व कापसाची जुनी बाजारपेठ. लोकसंख्या ९४,१९१ (२०११). दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेला पूर्णाकाठची काळी जमीन. तिच्यातल्या कपाशीवर हे गाव वाढले. जिल्ह्याचा कारभार बुलडाण्याहून चालतो, पण व्यापारउदीम खामगावचा मोठा.

१८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तूप, सूत व थोडाफार कापूस घेऊन येथे दुकाने थाटली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खामगावच्या बाजाराला तेजी आली. नगरपालिका १८६७ ची. मुंबई–नागपूर लोहमार्ग मात्र गाव बाजूला ठेवून जलंबवरून गेला होता. म्हणून सरकारने जलंब–खामगाव असा सुमारे १३ किमी.चा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय वऱ्हाडात येतो, यावरून त्या वेळी रुईच्या गाठीला काय मोल होते ते कळावे. पुढे अमरावती व अकोला या पेठा वरचढ ठरल्या. १९०५ मध्ये खामगाव तालुका अकोल्यातून बुलडाणा जिल्ह्यात आला. फाटा आजही खामगावलाच संपतो. तो जालन्यापर्यंत नेण्याची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे.

कापसातून सरकी (बी) वेगळी काढण्याच्या क्रियेत, म्हणजे जिनिंगमध्ये, कातडी रूळ व पोलादी पाते यांच्या फटीतून तंतू ओढला जातो, सरकी खाली पडते. क्विंटलभर कापसातून जेमतेम ३३–३५ किलो रुई निघते. तिची प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधतात. सरकी तेल-ढेपेसाठी जाते. अलीकडे आसपासच्या शिवारात सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली आहे.

कापसाची पेठ ओसरली तरी चांदीची टिकली. भांडी, मूर्ती, देवघराच्या वस्तू घ्यायला दुरून गिऱ्हाईक येते. म्हणूनच ‘रजतनगरी’ हे बिरुद. औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. दालफैल, बाळापूर फैल या येथील जुन्या वस्त्या. शिल्पकार पंधे गुरुजींशी निगडित टिळक राष्ट्रीय विद्यालय कलाशिक्षणासाठी नावाजलेले आहे.

मोठ्या देवीचा उत्सव येथे नवरात्रात न होता कोजागरीपासून सुरू होतो. इतर गावांचे मांडव उतरलेले असतात, तेव्हा खामगावात गर्दी उसळते.