कमोडोर 64 आणि त्याची मारकुटी वीट

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की मंडळी प्रोसेसर, मेमरी, गेम्स यांवर भरभरून बोलतात. पॉवर सप्लायबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पण कमोडोर 64 चा इतिहास मला तिथूनच सांगावासा वाटतो, कारण या मशीनचा सगळ्यात मोठा वैरी त्याच्याच खोक्यातून घरी यायचा!

कमोडोर 64 पहिल्यांदा दिसला जानेवारी 1982 मध्ये, लास वेगासच्या प्रदर्शनात. ऑगस्टमध्ये तो 595 डॉलरला विकायला आला आणि 1983 च्या मध्यापर्यंत किंमत 200 डॉलरच्या आसपास उतरली. जॅक ट्रॅमिएल यांच्या कंपनीने 1976 मध्येच एमओएस टेक्नॉलॉजी हा चिपचा कारखाना विकत घेतला होता, त्यामुळे मुख्य चिपा घरच्याच. तरी एवढं स्वस्त द्यायचं म्हटल्यावर बाकी ठिकाणी हात आखडता आलाच.

आता ती वीट बघू. आपल्याकडे ज्याला एलिमिनेटर म्हणायचे, तसलाच प्रकार, पण बराच जड. आतून दोन गोष्टी येतात: 5 व्होल्ट डीसी आणि 9 व्होल्ट एसी. त्या काळच्या बऱ्याच विटांमध्ये आत इपॉक्सी ओतून सगळं कायमचं बंद केलेलं असे. उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि उष्णता आतच कोंडते. वर्षानुवर्षं तापून 5 व्होल्टचा रेग्युलेटर कधीतरी दगावतो. तो नुसता बंद पडला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो आतून शॉर्ट झाला, की मागचे जास्तीचे व्होल्ट सरळ कॉम्प्युटरमध्ये घुसतात. मेमरीच्या चिपांची सहनशक्ती साधारण 7 व्होल्टपर्यंत, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला बळी त्यांचाच. मेमरी अजून शोधून मिळते. बॉब यान्स यांनी बनवलेली सिड ही आवाजाची चिप मात्र आता कुणी बनवत नाही. कमोडोर कंपनीच 1994 मध्ये बुडाली.

मग 9 व्होल्ट एसी कशाला? तर त्यातूनच आत 12 व्होल्ट तयार होतात, चित्राच्या आणि आवाजाच्या चिपांसाठी. शिवाय आतलं घड्याळ घरातल्या विजेच्या 50 किंवा 60 हर्ट्झवर चालतं. म्हणजे नुसता मोबाईलचा चार्जर जोडून भागत नाही. एसी पाहिजेच.

माझ्याकडे आहे तो युरोपचा, म्हणजे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवाला. त्याच्यासाठी मी केलेला जुगाड असा: 5 व्होल्ट, 3 अँपिअरचं तयार स्विचिंग मॉड्यूल, शेजारी 9-0-9 चा 1 अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर, त्याचा मधला आणि एकच टोक वापरायचं, आणि सात पिनांचा डिन प्लग. दोन्हींच्या अलीकडे फ्यूज. शिवाय 5 व्होल्टच्या वाटेवर एक झेनर आणि एक एससीआर: व्होल्टेज सहाच्या वर जरा सरकलं की एससीआर ती लाईनच शॉर्ट करतो. सप्लाय मेला तर मरू दे, मशीन वाचलं पाहिजे. सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात, स्क्रू लावून. इपॉक्सी अजिबात नाही!

एक सांगतो. प्लग कॉम्प्युटरला लावण्याआधी मीटर लावून प्रत्येक पिन तपासा, आणि तेही थोडा लोड देऊन. आणि 230 व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या, तिथे हौस उपयोगाची नाही.

मूळ विटेला शिव्या घालणारे खूप आहेत. मला तेवढा राग येत नाही. ती बनवणाऱ्यांनी पाच-सात वर्षांचा हिशोब केला असणार, चाळीस वर्षांचा कोण करतं? आज आपण लिहितोय त्या सॉफ्टवेअरचा तरी कुठे करतो... असो. पण तुमच्या माळ्यावर तसली वीट असेल, तर आठवण म्हणून जपा. फक्त प्लग लावू नका.