सेप्सिस (पूतिता) : निदानाचा इतिहास

संसर्गाला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद अनियंत्रित होऊन त्यामुळे मूत्रपिंड, फुप्फुसे इ. इंद्रियांचे कार्य बिघडते, त्या प्राणघातक अवस्थेला सेप्सिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कुजणे’ असा आहे. ह्यूगो शॉटम्यूलर (१८६७–१९३६) या जर्मन वैद्यांनी १९१४ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार शरीरातील एखाद्या केंद्रातून सूक्ष्मजंतू सतत वा अधूनमधून रक्तात शिरून लक्षणे उत्पन्न करतात, तेव्हा सेप्सिस होतो. निदानाची भिस्त साहजिकच रक्तातील जंतूंवर राहिली. परंतु रक्तसंवर्धनास वेळ लागतो व अनेक रुग्णांत ते निष्फळ ठरते. शिवाय प्रतिजैव औषधांनी जंतू नष्ट होऊनही काही रुग्ण दगावत.

त्यामुळे १९९१ मध्ये अमेरिकेत भरलेल्या तज्ञांच्या परिषदेने (अहवाल १९९२) शरीराच्या प्रतिसादावर भर दिला. तापमान ३८° से. पेक्षा जास्त वा ३६° से. पेक्षा कमी, नाडी मिनिटास ९० हून अधिक, श्वसन २० हून अधिक आणि पांढऱ्या कोशिका घ. मिमी.ला १२,००० हून अधिक वा ४,००० हून कमी, यांपैकी कोणतीही दोन लक्षणे व संसर्ग असल्यास सेप्सिस समजावा, असे ठरले. ही कसोटी खाटेजवळच लावता येण्याजोगी होती. पण जिना धावत चढलेला पडशाचा रोगीही तिच्यात सापडे. उलट वृद्धांना पुष्कळदा तापच येत नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये असे दिसून आले की, संसर्गासह इंद्रिये निकामी होऊ लागलेल्या दर आठांपैकी सुमारे एक रुग्ण या कसोटीतून निसटतो. रुग्णाच्या दृष्टीने हा दोष अधिक गंभीर होय.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत इंद्रियांच्या बिघाडाला प्राधान्य मिळाले. अतिदक्षता विभागाबाहेरील रुग्णांसाठी सुचविलेल्या ‘क्यूसोफा’ या संक्षिप्त कसोटीत श्वसन मिनिटास २२ वा अधिक, आकुंचनकालीन रक्तदाब १०० मिमी. वा कमी व शुद्धीतील बदल ही तीनच लक्षणे आहेत. तथापि ती उमटेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्यामुळे चाळणी म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये, असे २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून परिचारिकांनी घेतलेल्या नाडी, तापमान, श्वसन, रक्तदाब, प्राणवायू व शुद्धी यांच्या नोंदींना गुण देऊन प्रकृती ढासळत असल्याची पूर्वसूचना मिळविण्याची पद्धती रूढ झाली. यांपैकी श्वसनाचा वेग बहुधा लवकर बदलतो. पण तो घड्याळ लावून मोजावा लागत असल्याने पुष्कळदा अंदाजानेच लिहिला जातो.