आर्बुआच्या द्राक्षमळ्यातील काचघरे

वायनरी पाहायला आलेल्या पाहुण्यांना वाटाड्या एका ठरलेल्या क्रमाने फिरवतो. आधी द्राक्षमळा, मग घड चिरडण्याची जागा, मग रस आंबवण्याच्या टाक्या आणि शेवटी थंड तळघर. वायनरी नाशिकजवळची असो की फ्रान्समधली, हा क्रम बदलत नाही. कारण द्राक्षाचा प्रवासच तसा असतो. या फेरीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "रस आंबावा म्हणून त्यात काय घालता?" आज बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "वाळवलेले यीस्ट." पण यीस्टची पाकिटे बाजारात येण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस वाइन करतच होता आणि रसात काहीही घालत नव्हता. रस आपोआप आंबत असे.

हे 'आपोआप' म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांमध्ये साठ वर्षे वाद चालला. त्या वादातला एक सुंदर प्रयोग प्रयोगशाळेत नव्हे, तर एका द्राक्षमळ्यात झाला. म्हणून आपणही आपली फेरी त्याच मळ्यापासून सुरू करू.

मळा

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ ज्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या आर्बुआ या गावात लुई पाश्चरचे बालपण गेले. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता आणि आजूबाजूला सगळीकडे द्राक्षाचे मळे होते. पुढे पाश्चर पॅरिसचा झाला, तरी सुट्टीत तो आर्बुआला येत असे. गावाजवळ त्याच्या मालकीचा द्राक्षमळ्याचा एक लहानसा तुकडा होता. तो आजही जपून ठेवलेला आहे.

पिकलेल्या द्राक्षाचा मणी हातात घेतला तर त्यावर पांढुरकी लव दिसते. बोट फिरवले की ती पुसली जाते. "हेच यीस्ट" असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. ती लव मेणाची असते. पाणी उडून जाऊ नये म्हणून वेलीनेच मण्याला दिलेले ते आवरण आहे. त्यावर सूक्ष्मजीव चिकटलेले असतात हे खरे. मात्र वाइन करणारे यीस्ट त्यांत फारच थोडे असते. मग टाकीभर रस आंबवणारे काय असते? रसाच्या आतच असलेले काही, की बाहेरून आलेले काही? वादाचे मूळ इथेच आहे.

वाद कशाचा होता?

१७८९ मध्ये लाव्हाझिएने किण्वनाचा हिशेब मांडला. साखर नाहीशी होते आणि तिच्या जागी अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे त्याने वजने करून दाखवले. पण हा बदल घडवतो कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्यूट्झिंग अशा तिघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहिले. ते कण वाढतात, म्हणजे सजीव आहेत, असे तिघांचेही म्हणणे पडले.

रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच रुचले नाही. मोठ्या कष्टाने त्यांनी आपल्या शास्त्रातून 'जीवनशक्ती'सारख्या धूसर कल्पना हद्दपार करायला घेतल्या होत्या. लीबिगच्या मते यीस्ट हा कुजत चाललेला पदार्थ होता आणि त्याच्या कुजण्याचा धक्का लागून साखर फुटत होती. १८३९ मध्ये लीबिग आणि व्होलर यांच्या नियतकालिकात या सजीव यीस्टची टर उडवणारा एक लेख निनावी छापला गेला. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाणारे आणि अल्कोहोल बाहेर टाकणारे इवलेसे प्राणी असल्याचे चित्र रंगवले होते.

पाश्चरने १८५७ पासून या प्रश्नात लक्ष घातले. साखर, अमोनियाचा एक क्षार आणि यीस्टची राख एवढ्याच गोष्टी असलेल्या पाण्यात त्याने चिमूटभर यीस्ट सोडले. कुजण्यासारखे काही नसलेल्या त्या पाण्यातही यीस्ट वाढले आणि साखरेचे अल्कोहोल झाले. किण्वन हे यीस्टच्या जगण्याशी बांधलेले आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. वाद मिटला, असे बहुतेकांना वाटू लागले.

मित्राची टिपणे

१० फेब्रुवारी १८७८ रोजी क्लोद बर्नार हा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ वारला. फ्रेंच सरकारने त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. शास्त्रज्ञाला असा मान मिळण्याची फ्रान्समधली ती पहिलीच वेळ. बर्नार हाही द्राक्षमळ्यातला मुलगा. त्याचे गाव सँ-ज्युलियँ, बोजोले प्रांतातले. पाश्चर आणि बर्नार यांचा चांगला स्नेह होता. १८६६ मध्ये बर्नार आजारी असताना पाश्चरने त्याच्या कामाचा गौरव करणारा लेख वृत्तपत्रात लिहिला होता.

बर्नारच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत काही टिपणे सापडली. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, आपल्या गावी असताना त्याने द्राक्षांवर केलेल्या प्रयोगांची ती टिपणे होती. जिवंत यीस्टशिवायही द्राक्षाच्या रसात अल्कोहोल तयार होते आणि ते घडवणारा द्रव्यरूप घटक रसातच असतो, असा त्यांचा सूर होता. रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोने जुलै १८७८ मध्ये ती प्रसिद्ध केली.

पाश्चरपुढे मोठा पेच उभा राहिला. उत्तर द्यायचे तर ज्याला प्रत्युत्तराची संधी नाही अशा दिवंगत मित्राला खोडायचे. गप्प राहायचे तर वीस वर्षांच्या कामावर शंकेची सावली पडणार. शिवाय नेहमीचे साधन इथे उपयोगी नव्हते. रस उकळून थंड केला आणि हवेतले जंतू रोखले तर तो आंबत नाही, हे पाश्चर सहज दाखवू शकत होता. पण बर्नारच्या बाजूचा माणूस लगेच म्हणाला असता, "उकळल्यावर रसातला तो नाजूक घटकच नष्ट झाला, मग रस आंबेल कसा?" प्रयोग असा हवा होता, की द्राक्षाला उष्णता लागणार नाही, रसायन लागणार नाही, द्राक्ष नैसर्गिकपणे पिकेल आणि तरीही यीस्ट त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

काचघरे

हिरव्या, कच्च्या द्राक्षांवर किण्वन घडवणारे यीस्ट नसते, ते द्राक्षे पिकण्याच्या सुमारास येते, हे पाश्चरला आधीच्या कामातून ठाऊक होते. म्हणजे घाई केली तर वेळ होती. त्याने ताबडतोब घट्ट बंद होणारी काचघरे करवून घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आर्बुआच्या मळ्यातल्या काही वेलींवर ती उभी केली. काचघरांतल्या काही घडांभोवती त्याने निर्जंतुक केलेला कापूसही गुंडाळला. शेजारच्या वेली नेहमीसारख्या उघड्यावर राहिल्या. ऊन सर्वांना मिळत होते. फरक एवढाच, की आतल्या वेलींपर्यंत बाहेरची धूळ आणि किडे पोचत नव्हते.

ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास द्राक्षे पिकली. पाश्चरने दोन्हीकडचे मणी चिरडून नळ्यांत भरले आणि उबेत ठेवले. उघड्यावरच्या द्राक्षांचा रस दीड-दोन दिवसांत फसफसू लागला. काचघरातल्या द्राक्षांचा रस आंबला नाही. कापसात गुंडाळलेल्या घडांचाही नाही.

पाश्चर एवढ्यावर थांबला नाही. काचघरात वेलीला काही अपाय झाला असेल आणि म्हणून रस आंबत नसेल, अशी शंका कोणीही घेऊ शकत होता. म्हणून त्याने आतले काही घड बाहेर आणून उघड्या वेलींवर टांगले. काही दिवसांनी तपासले, तर त्या द्राक्षांचा रस आंबला. म्हणजे द्राक्षांत उणीव काहीच नव्हती. उणीव होती ती बाहेरून येणाऱ्या पाहुण्याची.

कापसात गुंडाळलेले काही घड तो पॅरिसला घेऊन गेला. आगगाडीच्या प्रवासभर त्याची पत्नी आणि मुलगी त्या फांद्या हातात सरळ धरून बसल्या होत्या. विज्ञान अकादमीत ते घड मांडून त्याने सहकाऱ्यांना हवे तर स्वतः तपासून पाहण्याचे आवाहन केले. बर्थेलो मात्र पूर्णपणे हटला नाही. असा द्रव्यरूप घटक यीस्टच्या आत तयार होत असेल आणि तयार होताक्षणी खर्चही होत असेल, म्हणून तो वेगळा हाती लागत नसेल, अशी शक्यता त्याने मांडली.

टाकीपाशी

मळा सोडून आपण आत येऊ. चिरडलेली द्राक्षे टाकीत पडली की काही तासांतच, फार तर दोन-तीन दिवसांत, रस उकळल्यासारखा दिसू लागतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. वजनात सांगायचे तर १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. वाइनच्या रसात लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तेव्हा एक लिटर रसातून सुमारे ५० लिटर वायू निघतो. दहा हजार लिटरच्या एकाच टाकीतून १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच दालन पुरते भरेल एवढा वायू निघतो! तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. हंगामात टाकीत किंवा तळघरात उतरलेल्या कामगारांचे यात जीव गेले आहेत. पूर्वी खाली मेणबत्ती धरून पाहत. पण मेणबत्ती जळत असली तरी वायूचे प्रमाण माणसाला घातक असू शकते, म्हणून आता वायुमापक उपकरणे लावतात.

द्राक्षे दाबून रस काढण्याचे यंत्र टाक्यांच्या जवळच असते. ते पाहताना १८९७ सालच्या जर्मनीतील एदुआर्द बुखनरची आठवण यावी. त्याने यीस्टच वाळूबरोबर घोटले आणि दाबयंत्रात घालून त्याचा रस काढला. हा रस औषधी कामासाठी हवा होता. टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल होत होते! यीस्टच्या आतले कार्यकारी द्रव्य वेगळे करता आले होते. ज्यांना आपण विकरे म्हणतो, त्या द्रव्यांच्या आधुनिक अभ्यासाची ही सुरुवात ठरली. १९०७ मध्ये बुखनरला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाश्चर १८९५ मध्येच वारला होता.

मग बर्नार बरोबर होता का? द्रव्यरूप घटक असतो, एवढ्यापुरता होय. पण तो द्राक्षाच्या रसात नसतो, यीस्टच्या पेशीत असतो. म्हणून काचघरांचा निकालही खोटा ठरला नाही. काचघरांनी जे विचारले, त्याचेच उत्तर दिले : किण्वनाचे कारण द्राक्षात आहे की बाहेरून येते? यीस्टच्या पेशीत काय चालते हा प्रश्न काचघरांना विचारलेलाच नव्हता. पुस्तकांत बहुधा 'पाश्चरने बर्नारला चूक ठरवले' किंवा 'बुखनरने पाश्चरला चूक ठरवले' अशी एकेक ओळ येते. खरे तर प्रत्येक प्रयोगाने प्रश्नाचा एकेक भाग सोडवला.

तळघर

फेरीचा शेवट पिंपांच्या रांगांत होतो. आर्बुआच्या तळघरांत 'पिवळी वाइन' मुरत ठेवलेली असते. सुगीनंतर निदान सहा वर्षे आणि तीन महिने ती बाहेर काढता येत नाही. पिंपातले द्रव हळूहळू उडून जाते, पण ते वरून भरत नाहीत. मोकळ्या जागेतल्या हवेमुळे वाइनवर यीस्टची पातळ साय धरते. हेच यीस्ट टाकीत हवेवाचून साखरेचे अल्कोहोल करत होते का? जात तीच असू शकते, वागणे मात्र वेगळे. हवा मिळाली की ते अल्कोहोलच खाऊन जगते. हवेच्या असण्या-नसण्याने यीस्टचे वागणे बदलते, हेही पाश्चरनेच प्रथम नीट दाखवले. वाइन खराब करणारे जंतू ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मारण्याची पद्धतही त्याच्या आर्बुआतल्या वाइनच्या अभ्यासातून आली. आज दुधाच्या पिशवीवर आपण ज्याचे नाव वाचतो, तेच हे पाश्चरीकरण.

एक प्रश्न मात्र मळ्यातच राहिला होता. यीस्ट बाहेरून येते, पण कुठून? हिवाळ्यात मळ्यात द्राक्षे नसताना ते राहते कुठे? २०१२ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले, की गांधीलमाश्यांच्या आतड्यात ते हिवाळाभर टिकते आणि मादीकडून अळ्यांकडेही जाते. पिकलेल्या मण्याला गांधीलमाशी चावते, तेव्हा यीस्टला दार उघडे होते. पाश्चरच्या काचघरांनी धुळीबरोबर कदाचित हेही वाहन अडवले असेल!

वर्गासाठी

द्राक्षांच्या हंगामात हा इतिहास वर्गात पडताळता येतो. न धुतलेली द्राक्षे चिरडून त्यांचा रस तीन बाटल्यांत घ्यावा. पहिलीतला रस तसाच ठेवावा. दुसरीतला उकळून गरम असतानाच कापसाच्या बोळ्याने बंद करावा. तिसरीतला उकळून, थंड करून त्यात पावाचे चिमूटभर यीस्ट घालावे. पहिल्या व तिसऱ्या बाटलीतून निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडावा. बाटल्यांची तोंडे घट्ट बंद करू नयेत आणि रस चाखू नये.

दोन-तीन दिवसांनी बहुधा पहिली व तिसरी बाटली फसफसलेली आणि दुसरी शांत दिसेल. "यावरून यीस्टशिवाय किण्वन होत नाही हे सिद्ध झाले," असे विद्यार्थी म्हणतील. तेव्हा शिक्षकांनी बर्नारची बाजू घ्यावी आणि विचारावे, "उकळल्याने रसातले दुसरे काहीच बिघडले नसेल कशावरून?" बर्नारच्या शंकेला न उकळता उत्तर देणारा प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः आखावा. एखादा गट कापूस आणि काच यांच्यापर्यंत पोचला, तर आर्बुआच्या मळ्यात काय घडले होते हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.